मध विकू नका, मधाची सकाळ विका!

उन्हाळा जवळ आला की मला एकच प्रश्न हमखास येतो. "सर, डोंगराजवळ दोन एकर जागा आहे, रिसॉर्ट टाकू का? कर्ज किती मिळेल?" माझं उत्तर असतं, "भाऊ, आधी खोल्या नको. आधी सकाळ विकून बघा." व्हिडिओत हे पाच मिनिटांत उरकलं होतं, इथे हिशोबासकट मांडतो.

आधी मांघरला जाऊ

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यात मांघर नावाचं छोटं गाव आहे. मे 2022 मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. गावातली बहुतेक घरं मधमाशीपालनाशी जोडलेली. मध तर ते आधीही काढायचेच, मग नवीन काय झालं? आता पर्यटक गावात येतो, पेटी उघडलेली बघतो, राणीमाशी शोधतो, मध चाखतो आणि मग बाटली घेतो. बाटली तीच, पण तिच्यामागची गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. त्यामुळे तो भाव करत बसत नाही.

दुसरं उदाहरण साताऱ्याचंच. 2012 पासून तिथे हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरच्या घाटात. घाट आधीपासून होता, फुकट होता. कोणीतरी त्याला तारीख दिली, अंतर दिलं, नियम दिले आणि बाहेरगावचे धावपटू यायला लागले. धावपटू आला की लॉज, नाश्ता, गाडी, सगळ्यांचा धंदा होतो. सिंहगड-राजगड-तोरणा या डोंगरवाटांवर तर 100 किलोमीटरपर्यंतची शर्यत होते!

दोन्हीकडे विकली गेली ती व्यवस्था. डोंगर आणि माशी तर देवाचीच.

मग बुलढाण्यात मे महिन्यात करायचं का?

इथे घाई करू नका. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. तिथे जांभूळ, हिरडा यांचा फुलोरा उन्हाळ्यातच असतो, म्हणून मे महिन्यातही पेटी दाखवायला मजा येते. आपल्याकडे मे महिन्यात फुलं कमी आणि ऊन चाळिशीच्या वर. माश्या पिलांची जागा साधारण 34-35 अंशांवर ठेवायला धडपडत असतात, पाणी आणतात, पंखांनी वारा घालतात. अशा वेळी तुम्ही वीस माणसं नेऊन पेटी उघडली तर माशी चिडणार आणि पोळं मऊ पडून मोडणार.

पण आपल्याकडे दुसरी ताकद आहे राजेहो! देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा आपला बीजोत्पादनाचा पट्टा. कांदा बियाण्याचे गोंडे फुलतात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि माशीशिवाय तिथे दाणा नीट भरत नाही. शेतकऱ्याला तेव्हा पेट्या हव्याच असतात. म्हणजे आपला 'मधाचा सीझन' उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. कॅलेंडर असं ठेवा:

- फेब्रुवारी-मार्च: बियाण्याच्या शेतात पेटी दाखवणे, सकाळी.
- एप्रिल-मे: पेटी बंदच. तिला सावली आणि पाणी द्या. पाहुण्यांसाठी फक्त पहाटेची डोंगरवाट आणि मधाची चव. नऊच्या आत सगळे परत.
- पावसाळा संपल्यावर: डोंगरवाटेची धाव.

मे महिन्यातच पेटी दाखवायची हौस असेल, तर विदर्भातला पर्याय चिखलदरा. उंची हजार मीटरच्या वर.

हिशोब (आकडे समजण्यापुरते, तुमच्या गावचे दर टाका)

20 जणांची बॅच, माणशी ₹600. जमा ₹12,000.

ठरलेला खर्च, माणसं किती का येईनात: मधपाळाचं मानधन 2000, गाडी 1500, दोन मदतनीस 1000, किरकोळ 500. एकूण ₹5000.

माणशी खर्च: नाश्ता 120, पाणी-ओआरएस 20. एकूण ₹140.

म्हणजे प्रत्येक माणसामागे 460 उरतात. 20 जण आले तर 9200 वजा 5000, शिल्लक ₹4200. 12 आले तर फक्त ₹520. आणि 10 आले तर 400 खिशातून! म्हणून 11 जणांचे पैसे आगाऊ जमा झाल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

सुरुवातीचं भांडवल: जाळीच्या टोप्या 22 × 250 = 5500, प्रथमोपचार पेटी 1500, दोरी-झेंड्या 1000. एकूण ₹8000. भरलेल्या दोन बॅचमध्ये वसूल. आता हे रिसॉर्टच्या कर्जाशेजारी ठेवून बघा.

पेट्या स्वतःच्या हव्यात का?

पहिल्या वर्षी नको. अनुभवी मधपाळाला जोडीला घ्या. नंतर शिकायचं असेल तर महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे. तिच्यात 50 टक्के अनुदान, 50 टक्के स्वतःची गुंतवणूक. वैयक्तिक मधपाळाला 10 दिवसांचं प्रशिक्षण. मंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चालू वर्षाचे नियम विचारून घ्या. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही आहे, 1962 पासून.

बाटली विकायची तर एफएसएसएआय नोंदणी करा आणि मधात ओलावा 20 टक्क्यांच्या वर नको. दुकानदार म्हणून एक सांगतो, थंडीत मध गोठला की गिऱ्हाईक म्हणतं, "साखर टाकली." पण गोठणं हा बऱ्याच मधांचा स्वभाव आहे. ही ओळ लेबलवरच छापा. निम्मी तक्रार तिथेच संपते.

जिथे धंदा बुडू शकतो

हा भाग वगळू नका, कारण इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

1. आग्या माशी. पेटीतली सातेरी किंवा मेलिफेरा वेगळी, झाडाला-कड्याला लटकणारी आग्या वेगळी. वाट आदल्या दिवशी स्वतः चालून बघा. आग्याचं पोळं दिसलं तर वाट बदला. अत्तर, धूर, आरडाओरडा बंद.
2. डंख. काटा लगेच नखाने खरवडून काढा. कोणाला श्वास घ्यायला त्रास झाला, चेहरा सुजला, तर थेट दवाखाना. गाडी चालू स्थितीत उभी पाहिजे. ॲलर्जी आधी फॉर्ममध्ये विचारा.
3. जंगल. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे एक पाऊलही नाही. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ 1300 किलोमीटरहून जास्त चालत ज्ञानगंगेत आला होता. आपल्या जिल्ह्यातला सर्वात मोठा ट्रेल रनर तोच! त्याच्या घरात शर्यत भरवू नका. परवानगी असलेली गावशिवाराची वाट निवडा.
4. मोजणी. जाताना 20, येताना 20. यादी हातात, शेवटी चालणारा माणूस आपला.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, 25 किलोमीटरच्या आत पेट्या ठेवणारा एक मधपाळ शोधा. दोन, 3 किलोमीटरची एक सावलीची वाट स्वतः चालून बघा, घड्याळ लावून. तीन, वरच्या हिशोबात तुमचे आकडे टाका आणि 'किती जणांवर तारीख पक्की' तो आकडा काढा.

तो आकडा 15 च्या वर आला तर खर्च कापा, दर लगेच वाढवू नका. आणि खोल्या बांधायचा विचार? आठ बॅच भरल्यावर बोलू.