'हो' म्हणणं वेगळं, शेजारी बसणं वेगळं : किशोरांचा दृष्टिकोन मोजायचा कसा?

समावेशक शिक्षणावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी शिक्षकांकडे जातो. वर्गात दिवसभर सोबत बसणारी मुलं मात्र राहूनच जातात. त्यांना विचारायचं ठरवलं, तर नेमकं काय विचारायचं?

माझ्या पहिल्या मसुद्यात प्रश्न होता : 'दिव्यांग विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेत शिकावं असं वाटतं का?' गाईड मॅडमनी तो खोडला. म्हणाल्या, "याला नाही कोण म्हणेल?" खरंय. 'चांगलं' उत्तर कोणतं, हे नववीतल्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. यालाच सामाजिक इष्टतेचा पूर्वग्रह म्हणतात. शिवाय 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहेच. तो हक्क आपल्या मताने ठरत नाही.

मग मोजायचं काय? दृष्टिकोनाचे तीन भाग मानतात : विचार, भावना आणि वागण्याची तयारी. कॅनडात 1986 मध्ये रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी मांडलेली 36 विधानांची 'कॅच' मापनी याच तीन भागांवर उभी आहे.

उदाहरण घेऊ. वर्गाची सहल वेरूळला निघाली आहे. बारावं लेणं, तीन ताल, तीन मजल्यांचं. वर्गातली एक मुलगी व्हीलचेअर वापरते. आता विचारा :

विचार : तिला सहलीला न्यावं का?
भावना : ती तुझ्या गटात आली तर तुला कसं वाटेल?
वागणं : कुठली लेणी पाहायची हे ठरवताना तू तिला विचारशील का? बाकीचे वर गेले, तर तिच्यासोबत खाली थांबशील का?

पहिल्या प्रश्नाचं 'हो' शेवटच्या प्रश्नापर्यंत टिकतं का, हेच आपल्याला बघायचंय. आणि कागदावरची तयारी म्हणजेही प्रत्यक्ष वागणं नव्हे. म्हणून मधल्या सुट्टीत कोण कोणासोबत डबा खातं, याचंही निरीक्षण ठेवा.

एक काळजी मात्र घ्याच. वर्गात दिव्यांग विद्यार्थी एकच असेल, तर प्रश्नावली निनावी असली तरी ती 'कोणाबद्दल' आहे हे सगळ्यांना कळतं. आपण निघून गेल्यावरही त्या मुलाला त्याच वर्गात बसायचं असतं. म्हणून प्रसंगातलं पात्र काल्पनिक ठेवा आणि त्याच्याशी जुळणारं ठेवू नका. पालकांची संमती घ्या, मुलांचीही घ्या.

आणि त्या मुलालाही विचारा. किशोरांचं मत गोळा करतोय ना आपण? मग तोही किशोरच आहे.