कुरणांची राखण

गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः गवत हेही एक पीकच होय. मात्र ते पेरावे लागत नाही, राखावे लागते. जुन्या म्हैसूर राज्याने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले होते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिक्कदेवराज वोडेयर यांनी सरकारी गोधनासाठी ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी, हे खाते स्थापन केले. पुढे तेथील चपळ बैल हैदर अलीच्या सैन्याचा भार ओढू लागले आणि टिपूने खात्यास ‘अमृतमहाल’ हे नाव दिले.

या खात्याची कुरणे ‘कावल’ म्हणून ओळखली जातात. कन्नडमध्ये या शब्दाचा अर्थच राखण असा आहे. कावलांचे उन्हाळी, पावसाळी व हिवाळी असे तीन वर्ग असत आणि ऋतुमानाप्रमाणे कळप एका कावलातून दुसऱ्यात नेले जात.

या फेरपालटामागे शास्त्र आहे. गवताचा वाढता कोंब शेंड्याशी नसून जमिनीलगत असतो. म्हणून पाते खुडले गेले तरी ते पुन्हा वाढते. परंतु त्यासाठी लागणारे अन्न बुडख्यात व मुळांत साठलेले असते. चराई अखंड चालली तर हा साठा संपतो, मुळे खुरटतात आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते. विसावा मिळाला तर गवत बी धरते व माळ पुन्हा भरतो.

१८६० साली काटकसरीसाठी सरकारी कळप विकून टाकण्यात आले. परंतु १८६६ मध्ये ते पुन्हा उभारावे लागले. विसाव्या शतकात यंत्रांमुळे बैलांचे महत्त्व ओसरले, तशी कावलेही शेती, वृक्षलागवड व इमारतींकडे वळू लागली. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात २००९-१० च्या सुमारास सुमारे १०,००० एकर कावल संरक्षण, अवकाश व अणुविज्ञान यांसारख्या कार्यांसाठी देण्यात आले. विज्ञानसंस्थांना जागा हवी, हे खरे. परंतु त्याच माळावर आसपासच्या गावांची गुरेमेंढरे चरत होती आणि मेंढ्यांच्या लोकरीवर घोंगडी विणणारी घरे जगत होती.

माळावर दाट झाडे लावणे हीदेखील नेहमीच सुधारणा नसते. सावलीत ही उन्हाची गवते टिकत नाहीत. किती गुरे, किती दिवस चरावीत आणि जमिनीस किती विसावा द्यावा, हे गावकऱ्यांसह ठरविणे, हेच कुरण राखणाऱ्या शासनाचे पहिले कर्तव्य होय.