मुक्तांगण विज्ञान शोधिका (पुणे)

मुक्तांगण विज्ञान शोधिका हे शाळकरी मुलांसाठीचे विज्ञानकेंद्र पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, या संस्थेच्या आवारात आहे. गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिसरातील ‘पुलस्त्य’ या वास्तूत ते चालते. ही वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी तयार करून त्यांद्वारे विज्ञानातील मूलतत्त्वे समजावून देणे हे या केंद्राचे वैशिष्ट्य होय.

नाव

‘पुलस्त्य’ हे सप्तर्षींपैकी एका ऋषीचे व त्या तारकासमूहातील एका ताऱ्याचे नाव आहे. खगोलशास्त्राच्या संस्थेला ते शोभते आणि त्यात ‘पुल’ ही अक्षरेही येतात. शब्दांशी आयुष्यभर खेळलेल्या लेखकाचे स्मारक म्हणून याहून समर्पक नाव सुचणे अवघड. ‘मुक्तांगण’ या शब्दामुळे मात्र पुण्यात अनेकदा घोटाळा होतो. डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र ही वेगळी संस्था आहे. तिच्या स्थापनेलाही पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्याच देणगीचा हातभार लागला होता. सेनापती बापट रस्त्यावरील भारतीय विद्या भवनाचे मुक्तांगण विज्ञान शोधिका केंद्र हेही स्वतंत्र आहे.

पार्श्वभूमी

आयुकाची स्थापना १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने केली. विद्यापीठांतील संशोधकांना साहाय्य करणे हे तिचे मुख्य कार्य. शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र वास्तू हे त्या कार्यात ओघाने येणारे काम नव्हे. प्रतिष्ठानाच्या देणगीचे मोल त्यामुळेच अधिक. मुलांशी असलेला संबंध मात्र संस्थेत आधीपासून होता. संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत. स्वाक्षरी मिळे ती उत्तराखाली. शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने आणि उन्हाळी सुटीतील प्रकल्प हे उपक्रमही आयुकाने चालविले.

२००३ मध्ये अरविंद गुप्ता आयुकात आले व २०१४ पर्यंत या केंद्रात कार्यरत होते. कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीस होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी झाले. १९७२ मध्ये सोळा सरकारी माध्यमिक शाळांत सुरू झालेला हा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. सरकारी शाळांमधील प्रयोगशील उपक्रम किती परावलंबी असतात याचे हे ठळक उदाहरण. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

कार्यपद्धती

शोधिकेतील साहित्य आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हमधील रबरी नळी, वर्तमानपत्रे, शीतपेयांच्या नळ्या, जुने विद्युतघट असे असते. आगकाडीचे गुल खरवडून तिची टोके रबरी नळीच्या तुकड्यांत बसविली की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोटाने रेटताच समभुज चौकोन होतो. त्याला ताठ करण्यासाठी कर्ण घालावा लागतो आणि तेथे तेवढ्याच लांबीची काडी पुरत नाही, हे मुलाच्या हातालाच आधी कळते. तेथून पुलांच्या व छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात हा प्रश्न दूर राहत नाही. नळीच्या तुकड्याला काट्याने भोक पाडून त्यातून दुसरा तुकडा ओवला की अधिक काड्यांचा सांधा होतो आणि सहा काड्यांत चतुष्फलक उभा राहतो.

साधी विद्युतमोटर हे दुसरे प्रसिद्ध खेळणे. विद्युतघटाच्या दोन टोकांना रबराने दोन सेफ्टी पिना बांधायच्या, घटावर चुंबक ठेवायचा आणि पिनांच्या छिद्रांत तांब्याच्या तारेचे वेटोळे टांगायचे. तारेच्या एका टोकाचे रोगण पूर्ण खरवडतात, दुसऱ्याचे केवळ अर्ध्या बाजूचे. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या अर्ध्या भागात प्रवाह खंडित होतो व वेटोळे मागे न फिरता पुढे जाते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर मोटर नुसती डोलत राहते. हा ‘बिघाड’ मुद्दाम करून दाखविण्याजोगा आहे.

खेळण्यांच्या कृती, अनेक भाषांतील चित्रफिती आणि मराठीसह विविध भाषांतील पुस्तके गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

महत्त्व व मर्यादा

महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञानाची उपकरणे नसतात असे नाही. ती पुष्कळदा कपाटात कुलूपबंद असतात. जडवस्तू नोंदवहीत चढलेली काचेची नळी फुटली तर तिचा हिशेब शिक्षकाला द्यावा लागतो, म्हणून ती मुलांच्या हाती जात नाही. आगकाडीची नोंद कोणत्याही वहीत नसते. शोधिकेतील साहित्याचे खरे सामर्थ्य त्याच्या स्वस्ताईपेक्षा या मोडण्याच्या मुभेत आहे. अनुदान देणाऱ्या संस्था सहसा दाखविता येईल अशी वस्तू पाहतात: इमारत, संगणक, फलक. येथे देणगीतून इमारत झाली खरी, परंतु तिच्यात जे घडले त्याला जवळपास खर्च नव्हता. लागली ती जाणकार माणसे व त्यांचा वेळ, आणि त्यांची तरतूद इमारतीपेक्षा कठीण असते.

एका भेटीत मुले काही तास रमतात, एखादे खेळणे घरी नेतात. वर्गातील अध्यापन तेवढ्याने बदलत नाही. ते बदलावयाचे तर हे प्रयोग शिक्षकाने वेळापत्रकातील तासाला करावे लागतात. काही साहित्य काळाच्या ओघात दुर्मीळही झाले. हातपंपाच्या प्रतिकृतीला लागणारी छायाचित्रांच्या रिळाची प्लॅस्टिकची डबी डिजिटल कॅमेऱ्यानंतर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली, आणि त्या जागी दुसरे टाकाऊ भांडे शोधणे हा प्रयोगाचाच एक भाग होऊन बसला.