पळसाचा द्रोण आणि पापडाची पिशवी

मोरिवलीच्या एमआयडीसीत पाळी सुटली की अंबरनाथ स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत जूनच्या सुरुवातीला एक खरेदी हमखास होते, जांभळांची. डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेल्या ठाकूर-कातकरी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. पळसाच्या नाहीतर सागाच्या पानांचे द्रोण, प्रत्येकात एकेक वाटा, कडा बांबूच्या चोयेने टाचलेल्या. गिऱ्हाइकाला मात्र लोकल पकडायची असते. "मावशी, पिशवीत द्या ना," म्हणत तो द्रोण तिथेच उपडा करतो, पातळ पिशवीला गाठ मारतो आणि फलाटाकडे पळतो. घरी पोचेपर्यंत पिशवीला आतून घाम फुटलेला असतो, तळाची जांभळं पिचलेली असतात आणि नाकाला किंचित आंबूस वास येतो. दोष फळाला दिला जातो. खरं तर घोटाळा पिशवीचा असतो.

झाडावरून उतरवलेलं फळ जिवंत असतं. त्याच्या पेशी ऑक्सिजन घेऊन साखर जाळत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. जूनच्या उकाड्यात आणि लोकलच्या गर्दीत तो किती वाढत असेल याची कल्पना करा. गाठ मारलेल्या पिशवीत वाफ अडकते आणि तिचे थेंब फळांवर पडतात. ओल्या सालीवर बुरशी आणि यीस्ट यांना रान मोकळं मिळतं. वर ऑक्सिजन संपत आला की फळाच्या पेशी विनाऑक्सिजनच्या मार्गाला लागतात आणि अल्कोहोल तयार होऊ लागतं. तो आंबूस वास येतो तो यातून.

द्रोणाचं तोंड उघडं असतं, म्हणून वाफ आणि उष्णता निघून जाते. पण त्याचं खरं कसब वेगळंच आहे. तो उथळ असतो. जांभळाची साल अतिशय पातळ असते. ती वरच्या फळांचं ओझं सोसत नाही. पिशवीत अख्ख्या किलोचा भार तळाच्या फळांवर येतो, द्रोणात दोन-तीन थरांच्या वर ढीग जातच नाही. साल फुटली की पेशींतला रस बाहेर येतो, आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. पळसाचं पान जाड, चिवट. त्याच्या पृष्ठभागावर क्युटिन नावाच्या द्रव्याचा आणि मेणाचा थर असतो. म्हणून एखादं फळ फुटलं तरी रस पानात मुरत नाही, नुसता वर साचतो. मोठ्या दुकानांत फळांसाठी भोकं पाडलेले जे पारदर्शक प्लास्टिकचे डबे मिळतात, त्यांचं गणितही हेच: थर कमी, हवा खेळती.

जांभूळ पिकायची वाट झाडावरच पाहावी लागते. आंब्यासारखं कच्चं उतरवून अढीत घालायची सोय नाही. पिकलेलं फळ पडून फुटू नये म्हणून माणूस झाडावर चढतो आणि हाताने खुडतो. इतक्या नाजूक मालाला दूरचा बाजार परवडत नाही. स्थानिक असणं ही त्याच्याबाबतीत हौस नसून शरीरधर्म आहे. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता अंबरनाथहून मुंबईच्या दिशेने एक स्टेशन अलीकडे या. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेलं शहर. तिथल्या घरी पाहुण्यासमोर पाण्यासोबत पापड येतो, मिरे आणि हिंग घातलेला, भाजलेला. इथे द्रोण कुचकामाचा. पापड श्वास घेत नाही. त्याला बाहेरच्या हवेपासून वाचवायचं असतं.

पापडात बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मात्र सूक्ष्मजीवांना महत्त्व असतं ते त्यांना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं. विज्ञानात त्याला जलक्रियता म्हणतात आणि ती 0 ते 1 अशी मोजतात. 0.6 च्या खाली जवळपास काहीच वाढत नाही. बहुतेक बुरश्यांना 0.7-0.8 तरी लागते, बहुतेक जिवाणूंना 0.9 च्या वर. उघडा ठेवलेला पदार्थ हळूहळू भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो. पावसाळ्यात इथली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, म्हणजे उघड्या पापडाची जलक्रियता 0.8 कडे सरकणार आणि काही दिवसांत त्यावर पांढरी-हिरवी लव दिसणार. फार सुकवावा तर तो हाताळतानाच तुकडे होतो. ही मधली अवस्था सांभाळायला पॉलिथीन उत्तम, कारण पाण्याची वाफ त्यातून फारच कमी जाते. ऑक्सिजन आणि सुगंधी रेणूंना मात्र ते रोखत नाही. पुडी न फोडताही कपाटात हिंगाचा दरवळ येतो तो त्यामुळे. तळलेल्या वेफर्सना हे प्लास्टिक पुरत नाही. ऑक्सिजनने तेल खवट होतं, म्हणून त्यांच्या पिशव्यांना आतून चंदेरी मुलामा असतो आणि आत नायट्रोजन भरतात.

तेव्हा "पान चांगलं, प्लास्टिक वाईट" अशी वाटणी मला पटत नाही. गाठ मारलेली पिशवी जांभळाला मारक आणि पापडाला तारक. वापरून फेकलेल्या त्याच पिशवीने नाले तुंबतात, हा प्रश्न वेगळा आहे आणि खरा आहे. 2018 मध्ये महाराष्ट्राने कॅरीबॅगवर बंदी घातली ती उगाच नव्हे. पण बंदी आली म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाकडे वळणं सगळ्यात वाईट. शाईतली खनिज तेलं स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, आणि गरम, तेलकट वडा ती ओढून घेतो. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये याबाबत सावध केलं, आणि 2018 च्या वेष्टन नियमांत असा कागद वापरायला थेट मनाई केली. तरीही आमचा वडापाव अजून मथळ्यांत गुंडाळून मिळतो.

जांभळाच्या मानांकनाने मात्र वेष्टनाचा एक पेच उभा केला आहे. अस्सल बदलापुरी फळ ओळखू यावं म्हणून त्यावर शिक्का, नाव, पत्ता हवा. आणि द्रोणावर लिहायला जागा नाही. खोक्यात भरलं तर नाव लागेल, पण हवेची भोकं आणि थरांची उंची यांचं भान सुटलं तर फळ पहिल्याच दिवशी जाईल. शिवाय खोक्याचा खर्च टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने कुठून करावा? तिचं नाव त्यावर असेल की कुणा व्यापाऱ्याचं? दरम्यान इमारतींसाठी जांभळाची जुनी झाडं पडताहेत, आणि झाडच उरलं नाही तर वेष्टनाची चर्चा कशाला.

यंदा जांभळं घ्याल तेव्हा घरून पसरट डबा न्या आणि द्रोण तसाच त्यात ठेवून आणा. घरी आल्यावर धुवू नका. ताटात एका थरात पसरा, खायच्या वेळीच धुवा आणि त्याच दिवशी संपवा. पापडाची पुडी फोडलीत तर उरलेले पापड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाका.