मानेचं ऑपरेशन केल्यावर डोकं दुखायचं थांबतं का?

मानेपासून कमरेपर्यंत : भाग सातवा

गेल्या आठवड्यात मानेतल्या दबलेल्या नसेबद्दल वाचलं. हाताला मुंग्या, बधिर बोटं, खांद्यातून कोपरापर्यंत जाणारी कळ. त्या भागात एक प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता. मिरज, सांगली, कराड, सातारा, कुठल्याही गावच्या मणक्याच्या ओपीडीत तो निघतोच : "हाताचं सोसेन डॉक्टर, पण डोकं फार उठतंय. मानेचं ऑपरेशन केलं की तेही जाईल ना?"

उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं. अनेकांचं डोकं ऑपरेशननंतर खरोखर हलकं होतं. तरीही निव्वळ डोकेदुखीसाठी मानेचं ऑपरेशन करून घेऊ नये. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजून घेण्यासाठी आधी मानेच्या वरच्या टोकाला जाऊ.

मानेत सात मणके आणि नसांच्या आठ जोड्या असतात. वरच्या तीन जोड्यांकडे डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना. कपाळ, डोळे आणि चेहऱ्याची नस वेगळी, ती मेंदूच्या देठातून निघते. पण तिचे वेदना वाहणारे तंतू खाली उतरून मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागापर्यंत येतात आणि मानेच्या वरच्या नसांचे तंतूही तिथे त्याच पेशींवर येऊन पोचतात. दोन गल्ल्यांच्या तारा एकाच डीपीवर आल्यावर बिघाड कुठल्या गल्लीत आहे हे डीपीला उमगू नये, तसं मेंदूचं होतं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्यात असतं आणि माणूस कपाळ धरून बसतो. नॉर्वेच्या ओट्टार शोस्टाड यांनी १९८३ साली मानेतून येणाऱ्या या डोकेदुखीला वेगळं नाव दिलं, आणि तेव्हापासून तिचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला.

ती ओळखायच्या खुणा आहेत. दुखणं बहुधा एकाच बाजूला असतं आणि बाजू बदलत नाही. मानेच्या मागून सुरू होऊन डोळ्यापर्यंत येतं. मान एका ठरावीक दिशेला वळवली किंवा मानेतला ठरावीक ठिकाणचा भाग दाबला की तेच दुखणं जागं होतं. फिजिओथेरपिस्ट एक साधी तपासणी करतात. रुग्णाला उताणं झोपवून त्याची मान पूर्ण पुढे वाकवतात, हनुवटी छातीकडे नेतात आणि तशाच स्थितीत डोकं उजवी-डावीकडे फिरवतात. मान अशी वाकली की खालचे सांधे अडकून राहतात आणि फिरण्याचं काम जवळजवळ पहिल्या-दुसऱ्या मणक्यावरच येतं. निरोगी मान दोन्हीकडे साधारण ४४ अंश फिरते. दुखऱ्या बाजूला ती दहा-बारा अंश आधीच थांबली, तर वरच्या सांध्यांवर संशय घ्यायला जागा आहे. यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि तरी ही तपासणी फार कमी ठिकाणी होते याचं वाईट वाटतं. ती घरी मात्र कुणी करून पाहू नये. मान फिरवणारा हात जाणकाराचाच हवा.

वरच्या टोकाच्या शस्त्रक्रियेत मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी पहिला आणि दुसरा मणका पट्ट्या व स्क्रूंनी जोडण्याची पद्धत विकसित केली आणि डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ साली ती प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या युर्गन हार्म्स यांनी तिला स्क्रू-सळईची जोड दिली. आज जगभरचे सर्जन 'गोयल-हार्म्स' म्हणून ती शिकतात. जन्मजात दोषामुळे, संधिवातामुळे किंवा झाडावरून पडल्यामुळे हे दोन मणके एकमेकांवरून सरकू लागले तर ती करतात. अशा रुग्णांत मानेचं आणि डोक्याच्या मागच्या भागाचं दुखणं आजाराचाच भाग असतं, कारण दुसरी नस त्या हलणाऱ्या सांध्याला चिकटूनच जाते. सांधा घट्ट बसला की ते दुखणं बहुधा जातं. सांध्यापर्यंत पोचताना कधी कधी ही नस कापावी लागते, मग डोक्याचा मागचा भाग बधिर होतो. बहुतेकांना त्याची सवय होते, काहींना तिथे जळजळ जाणवत राहते. इथे ऑपरेशन आणि डोकेदुखीचं नातं सरळ आहे. पण ऑपरेशनचं कारण डोकेदुखी नसतं, मज्जारज्जू चेमटण्याचा धोका असतो.

आपल्याकडे होणारी बहुतेक ऑपरेशनं मात्र इतक्या वर होत नाहीत. ती पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांमधली असतात. एमआरआयच्या रिपोर्टवर सी-५, सी-६ असं लिहिलेलं असतं, ते हेच. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी गळ्याच्या पुढून जायची वाट रूढ केली. गळ्यावरच्या घडीत तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सरकवतात आणि मधल्या फटीतून थेट मणक्यावर पोचतात. मायक्रोस्कोपखाली दोन मणक्यांमधली गादी पूर्ण काढतात, नसेवर आलेलं टोक खरडतात आणि रिकाम्या जागी हाडाचा तुकडा किंवा पिंजरा बसवतात. वर बहुधा टायटॅनियमची पट्टी. दोन्ही मणके काही महिन्यांत एकजीव होतात. दुसरा मार्ग हलणारी कृत्रिम गादी बसवण्याचा.

सी-५, सी-६ ची नस हाताकडे जाते, डोक्याकडे नाही. मग तिथलं ऑपरेशन झाल्यावर डोकं हलकं कसं होतं?

होतं, एवढं खरं. अमेरिकेत कृत्रिम गादीला परवानगी मिळण्यापूर्वी मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ५४१ रुग्ण, दुसरीत ४६३. निम्म्यांना गादी, निम्म्यांचे मणके जोडलेले. त्या नोंदींवरून २००९ साली डोकेदुखीचा हिशेब पाहिला गेला, तेव्हा दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत ती आधीपेक्षा कमी झालेली आढळली. कारणांबाबत मतं वेगवेगळी आहेत. नस दुखत असली की खांद्याचे आणि मानेचे स्नायू दिवसरात्र ताठ राहतात, आणि ते वर कवटीच्या कडेलाच जोडलेले आहेत. नस मोकळी झाली की ते सैल पडतात. गादीच्या कडेला आणि मज्जारज्जूच्या आवरणात वेदना जाणवणारे सूक्ष्म तंतू असतात, गादी निघाली की त्यांचं चिडणं थांबतं. मला यातलं स्नायूंचं कारण सर्वांत पटतं.

पण त्या चाचण्यांत एकाही रुग्णाला नुसता छेद घेऊन, आत काही न करता, परत पाठवलेलं नव्हतं. म्हणजे ऑपरेशन झालं या दिलाशाचा वाटा किती आणि खऱ्या दुरुस्तीचा किती, हे त्यांतून वेगळं काढता येत नाही. शिवाय ते सगळे हाताच्या किंवा मज्जारज्जूच्या तक्रारीसाठीच टेबलावर गेले होते. डोकेदुखी कमी झाली ती वरकड लाभ म्हणून. वरकड लाभाच्या आशेवर मूळ कारण नसताना गळा उघडणं योग्य नाही. या ऑपरेशननंतर आवाज बसू शकतो, काही आठवडे गिळताना त्रास होतो आणि जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गादीवर ताण वाढून पुढे तीही झिजू शकते.

आता आपल्या भागाकडे. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या ज्या कष्टकऱ्यांची संघटना बांधली, १९६९चा माथाडी कायदा ज्यांच्यासाठी झाला, त्यांत सातारा-सांगलीची माणसं मोठ्या संख्येने होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यानंतर पोती अजूनही माणसंच उचलतात. कृष्णाकाठच्या फडात ऊसतोड मजूर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. अशा ओझ्याने मानेचे मणके लवकर झिजतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऱ्होडेशियातल्या हमालांवरचा लेख 'पोर्टर्स नेक' या नावानेच आला होता.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांचा त्रास उलट दिशेचा. तिथे डोक्यावर काही नसतं, काम डोक्याच्या वर असतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर विरळणी आणि डिपिंगच्या दिवसांत बायका तासन् तास मान मागे टाकून, हात उंचावून उभ्या असतात. मान मागे गेली की मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबतात आणि नसा बाहेर पडायच्या खिडक्या अरुंद होतात. संध्याकाळी मानेतून डोळ्यापर्यंत येणारी ठणक यातूनच असू शकते. पायाखाली फूटभर उंच पाट किंवा क्रेट घेतला आणि दर अर्ध्या तासाला वरचं काम सोडून खालचं धरलं, तर बराच फरक पडतो. बागायतदारांनी हे मनावर घ्यावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

दुखायला लागलं की पुढचा टप्पा बहुधा मेडिकलचा. रोज एक गोळी, मग दोन. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. यावर मानेचं ऑपरेशन हा उपाय नाही, गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवणं हा आहे. ऑपरेशननंतर डोकेदुखी थांबलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत खरं कारण गोळ्या सुटल्या हेच असावं, असं मला वाटतं.

त्यानंतर एमआरआय. रिपोर्टमध्ये "गादी झिजली, गॅप कमी" असं वाचून घरात सगळे घाबरतात. १९९० साली अमेरिकेत मानेची काहीच तक्रार नसलेल्या ६३ जणांचा एमआरआय केला गेला. चाळिशी ओलांडलेल्यांपैकी जवळजवळ ६० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. शिवाय अर्धशिशीच्या झटक्यातही मान दुखते. म्हणून रिपोर्टवरून डोकेदुखीचं कारण ठरत नाही. संशयित नसेजवळ भूल देणारं इंजेक्शन देऊन दुखणं तात्पुरतं थांबतं का, हे पाहणं जास्त विश्वासाचं. मानेतूनच येणाऱ्या डोकेदुखीवर व्यायामाचा आधार भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन जुल यांनी २००२ साली २०० रुग्णांवर सहा आठवड्यांचे उपचार तपासले. मानेच्या खोल स्नायूंचे हलके व्यायाम आणि तज्ज्ञ हातांची फिजिओथेरपी यांचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. सलूनमध्ये मान मोडून घेणं मात्र आजच सोडावं. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, तरुणालाही पक्षाघात होऊ शकतो.

ऑपरेशनला वेळ लावू नये अशा खुणा वेगळ्याच आहेत, आणि त्यांत डोकेदुखी नसली तरी चालतं. शर्टाची बटणं किंवा ब्लाउजचे हुक लागेनासे होणं. चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणं. अंधारात तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. हा मज्जारज्जूवरचा दाब आहे. इथे सहा महिने शेकत बसलेल्या माणसाचं गेलेलं बळ पुष्कळदा पूर्ण परत येत नाही.

आणि ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे त्यांच्यासाठी : पहिले काही आठवडे मान आणि खांदे आखडून डोकं जड राहणं नेहमीचं. पण उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं होताच थांबणारी डोकेदुखी, जखमेतून पाण्यासारखा पातळ स्राव, ताप, किंवा गळ्याला सूज येऊन श्वास घ्यायला जड जाणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. श्वासाची तक्रार असेल तर रात्रीसुद्धा, लगेच.