दादर: एक नाव, दोन रेल्वे

‘दादरला भेटू’ म्हटलं, की मुंबईत पुढचा प्रश्न ठरलेलाच: वेस्टर्नला की सेंट्रलला? इंग्रजी अमदानीत जीआयपी आणि बीबीसीआय या दोन कंपन्यांनी आपापले रूळ टाकले आणि दादरला ते शेजारी आले. कंपन्या गेल्या. मध्य आणि पश्चिम रेल्वे ही त्यांचीच वारस, म्हणून एका नावाची दोन स्थानकं आजही पुलाने जोडलेली आहेत.

स्थानक गजबजलं ते वस्तीमुळे. 1896 च्या प्लेगने दाट मुंबईची दैना उडवली. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखीव वसाहत उभारली. विजेच्या गाड्या 1920 च्या दशकात आल्या आणि रोज फोर्टात नोकरीला जाणं सोपं झालं.

गंमत फलाटांची. दोन्ही बाजूंचे क्रमांक एकपासूनच सुरू होत, त्यामुळे ‘एक नंबरवर थांब’ म्हणणारा आणि थांबणारा वेगवेगळ्या रेल्वेवर! डिसेंबर 2023 मध्ये हा घोळ मिटला. पश्चिमेचे 1 ते 7 तसेच राहिले, मध्यचे 8 ते 14 झाले. मध्यचा जुना दोन नंबर मात्र यादीतून गेला. शेजारचा फलाट रुंद करताना तो बंद झाला होता. इतकं साधं काम व्हायला एवढी वर्षं का लागावीत?

आता सरकते जिने आहेत, इंडिकेटर आहेत. तरी पश्चिमेला उतरणाऱ्याला पहाटे वाट दाखवतो तो फुलबाजारातल्या झेंडूचा वास. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांची रीघ याच स्थानकातून बाहेर पडते.