रेंज नाही, तरी जागा कळते

कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवड्याच्या रानात उभं राहून ई-पीक पाहणी करायची आणि मोबाईलला रेंजची एक दांडीही नाही. तरीही अ‍ॅपमध्ये अक्षांश-रेखांश उमटतात. कसे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या अ‍ॅपवर शेतकरी सातबाऱ्यासाठी पिकाची नोंद स्वतः करतो, फोटोसह. जागा ठरवायला इंटरनेट लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह सतत वेळ सांगत असतात. फोन नुसता ऐकतो. संदेश यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. तीन अंतरांत जागा सापडली असती, पण फोनचं घड्याळ कच्चं, म्हणून चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर, थेट दुसऱ्याच्या वावरात!

रेंजचा उपयोग घाईपुरता. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या गतीनं पाठवतो. ती ऐकण्यात अर्धं मिनिट जातं. नेटवरून तीच क्षणात उतरते. तेव्हा रेंज नसेल तर झाडाखालून मोकळ्या आकाशाखाली यावं आणि थोडं थांबावं.

जीपीएस अमेरिकेचं. आपलं ‘नाविक’ आहे, पण ते फोनच्या चिपमध्ये हवं, आणि तो निर्णय कंपन्यांचा. अ‍ॅपलनं २०२३ मध्ये ते दिलं आयफोन १५ प्रोला. घेवडा काढणाऱ्याच्या खिशात तो फोन क्वचितच. स्वस्त अँड्रॉइडच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक असतात, नाविकचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरात.